चित्र झाकले, तर मूल वाचेल?

रात्री दुकान वाढवून वडील घरी येतात, तेव्हा पहिलीतली मुलगी इंग्रजीचे पुस्तक उघडून आजोबांपुढे बसलेली असते. पानावर गवतात बसलेला पांढराशुभ्र ससा आहे आणि खाली एकच शब्द छापला आहे, ‘बनी’. मुलगी त्या शब्दावर बोट ठेवते आणि ठसक्यात म्हणते, ‘रॅबिट!’ आजोबा खूश होतात. अर्थाने ती चुकलेलीही नाही. मग आईच्या मनात काय येते कोण जाणे, ती पुढच्या पानावरचे चित्र तळहाताने झाकते आणि फक्त शब्द उघडा ठेवते. मुलगी एकदम गप्प होते. तिची नजर शब्दावरून उठते आणि आईच्या चेहऱ्याकडे जाते.

थोड्याफार फरकाने हा प्रसंग पुष्कळ घरांत घडू शकतो. पण बहुतेक ठिकाणी चित्र झाकण्याची वेळच येत नाही. पहिली-दुसरीच्या पुस्तकात शब्द मोजके असतात, चित्रे मोठी असतात आणि लहान वयातली स्मरणशक्ती तर विलक्षण असते. पाठशाळेत अर्थ न कळणारी लांबलचक सूत्रे जे मूल ऐकून ऐकून मुखोद्गत करते, त्याला पाच-सहा पानांचे इंग्रजी पुस्तक तोंडपाठ करायला कितीसा वेळ लागणार? ते पान उलटते, बोट फिरवते, योग्य जागी थांबते. पाहणाऱ्याला वाटते, मूल वाचू लागले.

तिसरी-चौथीत हे सोंग उघडे पडते. चित्रे लहान होतात, शब्दांची गर्दी वाढते, परिसर अभ्यास आणि गणिताची उदाहरणेसुद्धा इंग्रजीत येतात. प्रत्येक पानावर दहा अनोळखी शब्द आले की स्मरणशक्ती हात टेकते. घरात मग ‘लक्षच देत नाही’, ‘मोबाइलने वाटोळे केले’ अशी चर्चा सुरू होते आणि शिकवणी लावली जाते. मूल काही बोलत नाही. आपण इतरांपेक्षा कमी आहोत, एवढे मात्र ते स्वतःशी ठरवून टाकते. ही समजूत एकदा मनात बसली की काढणे फार जड जाते, म्हणून या विषयाकडे वेळीच पाहायला हवे.

मराठीत वाचायला शिकलेल्या पालकांना ही अडचण पटकन उमगत नाही, याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. मराठीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा उच्चार एकच. ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही तीन नावे भराभर म्हटली की ‘कमळ’ आपोआप ऐकू येते. बाराखडी घोकणारे मूल अक्षरओळख आणि उच्चार एकाच दमात शिकते. उच्चारासाठी वेगळा अभ्यास लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘सी’, ‘ए’ आणि ‘टी’ ही नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. निघते ते ‘सीएटी’. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हे पाठांतर महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी केले. त्यात तीन नावे, त्यांच्याशी कानाला संबंध न लागणारा चौथा शब्द आणि मग त्याचा मराठी अर्थ अशी साखळी पाठ होत असे. मांजराचे ‘सी’, ‘ए’, ‘टी’ येत असूनही चटईचे ‘मॅट’ समोर आले की नवे पाठांतर करावे लागे.

तरीही ती पिढी इंग्रजी वाचू लागलीच की, असा प्रश्न कोणी विचारील. लागली, आणि त्याला कारणे आहेत. मराठी शाळांतल्या मुलांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. तोवर लिखित खुणांमागे आवाज असतो ही मूळ जाणीव पक्की झालेली असे आणि पुढचे नियम अनेकजण वाचता वाचता स्वतःच हेरत. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, हातात कोणतीच लिपी नसताना, ‘ए’ आणि ‘बी’ भेटतात. वाचन म्हणजे काय हे शिकण्यासाठी त्यांना जगातल्या सर्वांत लहरी लिखाणांपैकी एक मिळालेले असते.

हे लिखाण किती लहरी, याचे मापही घेतले गेले आहे. युरोपातील तेरा भाषांतील मुलांच्या प्रारंभिक वाचनाची तुलना करणारे एक संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. शाळेचे पहिले वर्ष संपताना फिनिश, जर्मन, ग्रीक, इटालियन आणि स्पॅनिश मुले ओळखीचे शब्द ९५ टक्के किंवा त्याहून अधिक अचूक वाचत होती. इंग्रजी वाचणाऱ्या स्कॉटिश मुलांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. ही मुले काही मंद नव्हती. त्यांची भाषाच अशी की २६ अक्षरांना सुमारे ४४ ध्वनींचा संसार चालवावा लागतो.

फोनिक्स ही पद्धत हा संसार मुलापुढे क्रमाने मांडते. अक्षराचे नाव बाजूला ठेवून प्रथम त्याचा ध्वनी शिकवला जातो. अनेक अभ्यासक्रमांत सुरुवात ‘ए, बी, सी’ने होत नाही, तर ‘एस, ए, टी, पी, आय, एन’ या सहा अक्षरांनी होते, आणि त्यामागचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन पटेल असा आहे. थोड्या भांडवलात अधिक उलाढाल! एवढ्या सहा ध्वनींतून ‘सॅट’, ‘सिट’, ‘पिन’, ‘पॅन’, ‘टॅप’, ‘टिन’, ‘नॅप’ असे कितीतरी शब्द तयार होतात आणि पहिल्या काही आठवड्यांतच मुलाला स्वतः, कोणी न सांगता, शब्द वाचल्याचा आनंद मिळतो. वाचताना ध्वनी जुळवायचे, लिहिताना शब्द फोडायचा. ‘पिन’ ऐकले की त्याचे प्, इ, न् असे तीन तुकडे कानाने वेगळे करायचे आणि प्रत्येकासाठी अक्षर मांडायचे. स्पेलिंग पाठ करण्याऐवजी ते ऐकून बांधण्याची सवय लागते. पुढे दोन अक्षरांचा एक ध्वनी येतो, जसे ‘शिप’मधला ‘श’ किंवा ‘चिन’मधला ‘च’. त्यानंतर शेवटच्या मुक्या ‘ई’ची करामत: ‘कॅप’ला तो जोडला की ‘केप’, ‘किट’चे ‘काइट’, ‘हॉप’चे ‘होप’. स्वतः न बोलता मागच्या स्वराला बदलणारे हे अक्षर मुलांना फार आवडते.

इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या स्वतःच्या घरात मात्र या साध्या वाटणाऱ्या पद्धतीवरून दीर्घकाळ भांडण चालले. नोआ वेबस्टरच्या १७८३च्या प्रसिद्ध स्पेलिंग-पुस्तकात मुले अक्षरांवरून अवयव आणि अवयवांवरून शब्द अशी चढत असत. एकोणिसाव्या शतकात हॉरेस मान या अमेरिकी शिक्षणसुधारकाला हे रुक्ष वाटले. मुलांनी सुटी अक्षरे नव्हे, अख्खे अर्थपूर्ण शब्द ओळखावेत असे त्याचे म्हणणे. हेतू चांगला होता. विसाव्या शतकात तोच विचार शाळाशाळांत पसरला आणि मोजके शब्द पुन्हापुन्हा छापलेली गोष्टींची पुस्तके घेऊन मुले शब्दांचे ‘चेहरे’ पाठ करू लागली. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश याने या पद्धतीवर घणाघाती पुस्तक लिहिले आणि ते प्रचंड खपले. पुढे १९६७ या एकाच वर्षी दोन टोके समोरासमोर आली. जीन चॉल या विदुषीने उपलब्ध संशोधन चाळून सांगितले की आरंभी अक्षर-ध्वनीचा संबंध नीट शिकवलेली मुले पुढे राहतात. केनेथ गुडमन याने मांडले की वाचन हा मुळात संदर्भावरून केलेल्या अंदाजांचा खेळ आहे. कित्येक वर्गांत अंदाजाचा पक्ष जिंकला. अडखळणाऱ्या मुलाला ‘चित्र बघ, पहिले अक्षर बघ आणि काय असेल ते सांग’ असा सल्ला मिळू लागला. ‘बनी’चे ‘रॅबिट’ होते ते याच वाटेने.

अंदाजाने वाचण्याचे काय होते, हे सांगण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. मारवाडी आणि उत्तरेकडील इतर व्यापाऱ्यांच्या वह्या ज्या महाजनी लिपीत लिहिल्या जात, तिच्यात काना-मात्रा-वेलांट्या सहसा गाळलेल्या असत. लिहिणारा वेगात लिही आणि वाचणारा संदर्भावरून स्वर भरी. या लिपीबद्दल एक किस्सा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. परगावी गेलेल्या शेठजींच्या मुनिमाने घरी चिठ्ठी धाडली की शेठजी ‘अजमेर गयो’, तरी ‘बडी बही’, म्हणजे मोठी वही, पाठवून द्यावी. घरी वाचणाऱ्याने स्वर भरले ते असे: शेठजी ‘आज मर गयो’, ‘बडी बहू’ पाठवून द्यावी. घरात रडारड झाली. किस्सा खरा असो वा रचलेला, त्यातली खोच पक्की आहे. एरवी या वह्या सुरळीत चालत, कारण वाचणारा मुनीम व्यवहार जाणणारा होता. कोणाकडून काय येणे आहे हे त्याच्या डोक्यात आधीच असे. अंदाज जाणकाराला परवडतो. ज्या मुलाला भाषाच परकी आहे, त्याला अंदाज करायला सांगणे म्हणजे भांडवल नसलेल्याला सट्टा खेळायला लावणे होय.

पारडे फिरले ते या शतकाच्या आरंभी. अमेरिकेत राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली आपला अहवाल दिला आणि पद्धतशीर फोनिक्सला स्पष्ट कौल दिला. इंग्लंडमध्ये २००६च्या रोझ अहवालानंतर तिथल्या शाळांत हीच पद्धत रूढ झाली आणि २०१२पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी, म्हणजे मूल साधारण सहा वर्षांचे असताना, एक छोटी चाचणी घेतली जाऊ लागली. ती समजून घेण्यासारखी आहे. शिक्षक मुलाला एकेकटे जवळ बसवून चाळीस शब्द वाचायला देतात. त्यांतले वीस खरे असतात आणि वीस निरर्थक, जसे ‘बिम’ किंवा ‘पॉब’. निरर्थक शब्दांशेजारी एखाद्या काल्पनिक प्राण्याचे चित्र असते; हे त्या प्राण्याचे नाव आहे असे मुलाला सांगितले जाते. ज्या शब्दाला अर्थच नाही, तो पाठ केलेला असू शकत नाही आणि चित्रावरून ओळखताही येत नाही. तो वाचण्याचा एकच मार्ग उरतो, अक्षरांतून. घरी करून पाहण्यासारखी याहून सोपी कसोटी नाही. कागदावर असे पाच-सहा बनावट शब्द लिहावेत आणि गंमत म्हणून मुलाला वाचायला सांगावेत. त्याला परीक्षा वाटू देऊ नये, एवढेच.

घरी मदत करताना मराठी कानामुळे एक चूक हमखास होते. मराठी व्यंजनाच्या पोटात ‘अ’ दडलेला असतो. त्यामुळे आई किंवा वडील ‘बॅट’ फोडून सांगताना ‘ब-ॲ-ट’ म्हणतात, आणि मूल ते जोडू गेले की ‘बअॅटअ’ असे काहीतरी विचित्र ऐकू येते. इथे पाय मोडलेले अक्षर उपयोगी पडते. ‘ब’ नव्हे, ‘ब्’. ‘ट’ नव्हे, ‘ट्’. ओठ मिटून सोडले की ध्वनी संपला पाहिजे. स्, म्, न्, फ्, ल् हे ध्वनी लांबवता येतात, म्हणून पहिल्या सरावासाठी ते बरे. जोडाक्षरे आणि हलन्त चिन्ह माहीत असलेल्या मराठी माणसाला ही शुद्ध व्यंजनाची कल्पना इंग्लंडमधल्या आईपेक्षाही लवकर समजायला हवी; फक्त तिचा इंग्रजी वाचनाशी संबंध आहे हे कोणी सांगितलेले नसते.

स्वरांचा प्रश्न जरा नाजूक आहे. मुलाला जो फरक ऐकू येत नाही, तो त्याच्या स्पेलिंगमध्ये उतरत नाही. आपल्या समाजात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी गुजराती, तर कोणाकडे मारवाडी बोलली जाते आणि इंग्रजी स्वर त्या त्या वळणाने उच्चारले जातात. घरात ‘हॉल’ला ‘होल’ आणि ‘स्नॅक’ला ‘स्नेक’ म्हटले जात असेल, तर मूल लिहितानाही खोलीचे भोक आणि खाऊचा साप करणार. यात लाज वाटण्याजोगे काही नाही, थट्टाही नको. ‘पेन’ आणि ‘पॅन’, ‘बेड’ आणि ‘बॅड’ अशा जोड्या म्हणून दोन वस्तूंपैकी योग्य ती उचलायला सांगण्याचा खेळ चार दिवस खेळला तरी कान तयार होऊ लागतो. मराठी लिखाणाने ॲ आणि ऑ ही चिन्हे स्वीकारली, ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ असा भेद राखला, ते या कामी आयतेच सापडते.

या खेळांना इंग्रजी यायला हवे असेही नाही. ज्या आजीने एबीसीडी गिरवली नाही, तीसुद्धा नातवाला ‘मीठ’मधला पहिला आवाज कोणता, ‘नाक’मधला ‘न्’ काढला तर काय उरेल, असे विचारू शकते. अंताक्षरीची सवय आपल्याकडे आहेच. पण अंताक्षरी अख्ख्या अक्षरावर थांबते, ‘का’वरून गाणे सुरू होते. इथे ‘का’चेही ‘क्’ आणि ‘आ’ करायचे आहेत. एक पायरी खाली उतरायचे.

फोनिक्सकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्कॉटलंडमधल्या क्लॅकमॅननशर भागातील अभ्यासातून दिसते. सुमारे तीनशे मुलांना शाळेच्या आरंभी काही आठवडे ध्वनी जोडून वाचायला शिकवले आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००५च्या अहवालानुसार शब्दवाचनात ती आपल्या वयापेक्षा साडेतीन वर्षे पुढे होती, स्पेलिंगमध्ये एक वर्ष आठ महिने. वाचलेले समजण्यात मात्र फक्त साडेतीन महिने पुढे. या अभ्यासाच्या रचनेवर आक्षेपही घेतले गेले. तरी या तीन आकड्यांतले अंतर विचार करायला लावते. शब्द उच्चारता येणे आणि तो समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाने ‘हार्व्हेस्ट’ हा शब्द कधी ऐकलाच नाही, त्याने तो अचूक वाचला तरी शेतातले पीक त्याच्या डोळ्यांपुढे येणार नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलावे लागते, गोष्टी वाचून दाखवाव्या लागतात, आणि त्या मायबोलीत असल्या तरी चालते. पीक कापणे म्हणजे काय हे मराठीत कळलेल्या मुलाला फक्त इंग्रजी नाव शिकायचे उरते. इंग्रजी माध्यमाच्या धाकाने घरातली मराठी, गुजराती बंद करणारे पालक मुलाच्या समजेचाच पाया काढून घेतात.

नीट शिकवूनही काही मुले अडतात. अक्षरे उलटी दिसणे एवढ्यापुरती वाचनअक्षमता मर्यादित नसते. ध्वनी वेगळे करणेच त्यांना कठीण जाते. २००७च्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटामुळे ही गोष्ट घराघरांत पोहोचली आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. अशा मुलांसाठी १९३०च्या दशकापासून विकसित झालेल्या ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीचा गाभाही ध्वनी आणि अक्षर हाच आहे. फक्त ते पाहून, ऐकून, बोटाने गिरवून, फार सावकाश शिकवले जाते. संशय आला तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. ‘मोठा झाला की येईल’ म्हणून दोन वर्षे घालवणे महागात पडते.

फोनिक्सचा बाजारही आता भरला आहे. अडीच वर्षांच्या मुलांसाठी वर्ग निघतात, थोड्या दिवसांत शिक्षकांना प्रमाणपत्रे मिळतात आणि रंगीत फलकांवर मोठमोठी आश्वासने असतात. पैसे भरण्यापूर्वी माल पारखावा. शिक्षिका ‘ब्’ म्हणते की ‘बऽ’, हे दारात उभे राहूनही ऐकू येते. मुलाला घरी वाचायला दिलेल्या पुस्तकात त्याला शिकवलेल्याच ध्वनींचे शब्द आहेत, की पुन्हा चित्र पाहून ओळखायचे आहे, हेही पाहावे. वर्ग लावला नाही तरी रोज दहा-पंधरा मिनिटे जवळ बसणारे कोणी असेल, तर पुष्कळ काम होते.

मूल आठ-नऊ वर्षांचे होऊन बसले असेल, तर त्याच्यापुढे सशाचे पुस्तक ठेवू नये. त्याला ते कमीपणाचे वाटते. त्यापेक्षा सुटीच्या दिवशी दुकानात न्यावे. खोक्यांवर, पाट्यांवर आणि बिलबुकात छापलेले ‘बिल’, ‘कॅश’, ‘टॅक्स’, ‘स्टॉक’, ‘बॉक्स’, ‘नेट’, ‘पॅक’, ‘लॉट’ हे सगळे शब्द नियमात बसणारे आहेत, ध्वनी जोडले की उलगडणारे. मोठ्या माणसांचे शब्द आपण वाचतो आहोत, ही गोष्ट त्या वयाच्या मुलाला पुस्तकापेक्षा जास्त चढते.

दुकानात दोन शब्द मात्र दगा देतात आणि मूल ते बरोबर पकडते. कर्जाच्या ‘डेट’मध्ये ‘बी’ कशाला? पावतीच्या ‘रिसीट’मध्ये ‘पी’ कशाला? वडिलांना उत्तर ठाऊक असावे. इंग्लंडमध्ये १४७६ साली कॅक्स्टनचा छापखाना सुरू झाला, हळूहळू स्पेलिंग गोठत गेले आणि उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइफ’मधला ‘के’ एकेकाळी खरोखर उच्चारला जात असे. ‘डेट’ आणि ‘रिसीट’ची गोष्ट याहून मजेची आहे. हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांत ‘बी’ही नव्हता आणि ‘पी’ही नव्हता. शब्दांचे मूळ लॅटिन आहे हे दाखवण्याच्या हौसेपायी पंडितांनी ती अक्षरे नंतर घुसडली. कोणी उच्चारली नाहीत, तरी आजही ती प्रत्येक पावतीपुस्तकावर जागा अडवून बसली आहेत.